भिंगरीच्या मोटारीचा टप

आमचा दादा साचेवाला. म्हणजे प्लॅस्टिकच्या वस्तू ज्या पोलादी साच्यात घडतात, ते साचे कोरणारा. लोकांना वाटतं, बादली, डबा, कंगवा हे सगळं आपोआप होतं. डोंबलाचं आपोआप! आधी कोणाला तरी पोलादाच्या ठोकळ्यात त्या बादलीचा आकार पोकळ कोरावा लागतो, तोही उलटा, आणि वर जरासा मोठा, कारण प्लॅस्टिक निवताना आकसतं. दादाने उभा जन्म हेच केलं. त्यामुळे खोड अशी लागली की नवा कप हातात दिला तर हा आधी बूड उलटं करून बघणार, हा कुठल्या साच्यातून आला असेल ते मनाशी ठरवणार, आणि मगच त्यात चहा घेणार. तोवर चहा कोमट.

मी त्याची धाकटी बहीण. माझं सासर दोन गल्ल्या सोडून, म्हणून लग्न झालं तरी माझं नाक त्याच घरात राहिलं, असं वहिनी म्हणते. म्हणू दे. राहिलं म्हणून तर हे सांगता येतंय.

दादा खेळण्यांच्या कारखान्यात होता. तिथे जोडायच्या मोटारी व्हायच्या. खोक्यात मोटार नसायची, तिचे सुटे भाग असायचे, प्लॅस्टिकच्या चौकटीला कैऱ्यांसारखे लटकलेले. ते खुडायचे, त्या उग्र वासाच्या डिंकाने चिकटवायचे, की झाली मोटार. दादाने अशा खूप मोटारींचे साचे केले, पण त्याचा जीव एकीवर. गोलमटोल, बटबटीत डोळ्यांची, बसकी. कारखान्यात तिला बेडकी म्हणत. खरी मोटार म्हणे रस्त्यावर फारशी चालली नाही, पण तिची ही पिल्लं घरोघरी पोहोचली.

त्याची एकच मुलगी. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण तिचा एक पाय घरात तर दुसरा दारात. पाचवीच्या सुट्टीत तिने बेडकी जोडली, एकटीने. बापाला हात लावू दिला नाही. दादा पाळीवर गेला की ही पायरीवर पसारा मांडायची, तो यायच्या आत गुंडाळायची. शेवटी टपाला लाल रंग दिला. लाल रंग कुठला, तर माझी नखं रंगवायची बाटली! अख्खी संपवली चोरटीने. मी ओरडले तर म्हणते, "आत्या, तुझी नखं काय रस्त्यावर धावणार आहेत?"

पुढचं वर्ष तिने पाहिलं नाही. साधा ताप म्हणून आम्ही गाफील राहिलो आणि आठवड्याच्या आत ती गेली.

ती गेल्यावर त्या घरात एक विचित्र वाटणी झाली. दादाने तिचं नाव काढायचं बंद केलं. अगदी बंद. कोणी बोलायला लागलं की हा उठून नळ नीट करायला जायचा. आणि वहिनीने तिची मोटार पुसायचं कधी सोडलं नाही. वहिनी कपडे शिवते. शिलाई मशीनच्या वर भिंतीत एक फळी आहे, तिच्यावर ती लाल टपाची बेडकी. दाढीचा एक मऊ ब्रश वहिनीने त्यासाठीच वेगळा ठेवला होता. भांडण नाही, तंटा नाही, पण एकाच दुःखाच्या दोन टोकांना दोघं बसली होती आणि मधे कोणी यायचं नाही. मी तरी किती वेळा तोंड घालणार?

मग कारखाना बंद पडला. साचे म्हणजे शेवटी पोलादच. बरेचसे भंगारात गेले, काही कुठल्याशा गोदामात पडून राहिले. दादा घरी बसला आणि त्याने घरातल्या सगळ्या कड्या, बिजागऱ्या, नळ दुरुस्त करून टाकले. मोडलेलं काही उरेना तेव्हा माझ्या घरी येऊन मोडलेलं शोधायला लागला. माझा नवरा म्हणायचा, तुझा भाऊ येणार असला की मीच एखादी खुर्ची मोडून ठेवतो, बिचारा रमेल.

अशात एक दिवस एक तरुण बाई दादाला शोधत आली. तिने ते गोदाम घेतलं होतं, जुन्या मोटारी पुन्हा काढायच्या होत्या. लहानपणी तिच्या वडिलांनी तिच्याबरोबर बसून त्या जोडल्या होत्या म्हणे. चांगली होती पोरगी, "काका, काका" करत जमिनीवरच बसली. म्हणाली, "बेडकीचा साचा सापडलाय. पण त्यातला एक ठोकळा नाही."

"कुठला?" दादाने विचारलं.

"टपाचा."

दादा चपला शोधायलाच उठला.

गोदामातून परत आला तो हाताला काळं ग्रीस आणि चेहऱ्यावर असं काही, जे मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. बाकी सगळा साचा शाबूत होता. दारं, चाकं, नाक, शेपूट. फक्त टपाची जागा रिकामी. कागदावरची चित्रं कधीच गहाळ झालेली. न उघडलेलं जुनं खोकं त्या बाईने जंग जंग पछाडूनही मिळालं नव्हतं. ती म्हणाली होती, काका, अंदाजाने कोरा. त्यावर दादा म्हणाला, "अंदाजाने टप केला तर बेडकीचं कासव होईल." त्याला खरा टप हवा होता. मापं घ्यायला, छाप घ्यायला. तो सांगत होता आम्हाला, पण बघत होता फळीकडे.

वहिनीच्या मशीनचं चाक थांबलं.

"अहो, नाही," ती म्हणाली.

"मी अजून काही मागितलं का?"

"मागू नका म्हणून आधीच सांगते."

मी मूग गिळून बसले. माझ्यासारखीला ते किती अवघड, ते माझं मला माहीत.

दादाने पुन्हा विषय काढला नाही, पण जेवणावरचं लक्ष उडालं त्याचं. सकाळी गोदामात जायचा, त्या रिकाम्या जागेवरचं ग्रीस पुसून यायचा. वहिनी चिडचिड करायची, कापड वाकडं कापायची. एक दिवस शिवता शिवता एकदम म्हणाली, "वन्सं, माझ्यामागे ही मोटार कोण पुसणार हो?" मी म्हटलं, मी आहे की. "आणि तुमच्यामागे?" तिने विचारलं. तिने त्या दिवशी मोटार स्वतः खाली काढली, दादाच्या हातात ठेवली. "आहे तशी परत आणायची. एवढंच," ती म्हणाली.

"आहे तशी आणतो," दादा म्हणाला.

आता टप चिकटवलेला. तो सोडवायची साचेवाल्यांची एक रीत आहे. वस्तू बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. थंडीने जुना डिंक काचेसारखा कडक होतो, मग टिचकी मारली की सुटतो. मोटार बर्फाच्या कप्प्यात गेली तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर निघून आली आणि दारात उभी राहिली. आमच्या मनात जे आलं ते आम्ही एकमेकींना सांगितलं नाही.

भिंगरीने डिंक भसाभस घातला होता. पोरच ते. टिचकीने टप निघाला, पण दोन तुकडे होऊन.

ते दादाने वहिनीला सांगायला दुसरा दिवस उजाडू दिला. तोवर त्याने तुकडे जोडून राळेत बसवून त्यांचा छापही घेतला होता. छाप छान उतरला. पण प्लॅस्टिक जुनं, ठिसूळ झालेलं. राळेतून सोडवताना त्याचा भुगा झाला. लाल कपच्या घेऊन तो घरी आला, एका कागदाच्या पुडीत. वहिनीने पुडी उघडली, मिटली, आणि ब्लाउजांच्या कापडाखाली ठेवून दिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. ताट वाढायची, कपडे घड्या करून ठेवायची, शब्द नाही.

"अगं, साच्यातून पहिला खरा टप निघेल तो तुझा," दादा तिच्या पाठीला सांगायचा. "मी स्वतः बसवीन. जुना कुठला, नवा कुठला, ओळखू येणार नाही तुला."

पाठ काही बोलायची नाही. पण मला एवढं कळत होतं की ती वाट बघते आहे. कारण फळीवर ती बिनटपाची मोटार तिने तशीच ठेवली होती आणि एकदाही पुसली नव्हती.

दादा कामाला जुंपला. त्याचा हात म्हातारा झाला होता, पण खोटा झाला नव्हता. राळेच्या नमुन्यावरून मापं घेतली, आकसण्याचा हिशेब धरून मोठी केली, आणि नव्या ठोकळ्यात टप कोरला. त्याचं नेहमीचं म्हणणं होतं, कागद खोटं बोलेल, माणूस बोलेल, तुकडा खोटं बोलत नाही. नमुन्यात जे होतं ते त्याने केसाचाही फरक न करता पोलादात उतरवलं.

पहिल्या चाचणीच्या दिवशी त्याचा डबा घेऊन मी गेले होते. गोदामाच्या कोपऱ्यात ते यंत्र, त्याचा तो गरम मेणासारखा वास. साचा मिटला, फुसकन आवाज झाला, उघडला, आणि चौकटीला लटकलेला पांढरा टप बाहेर पडला. असे चारदोन नाही, चांगले पसाभर टप निघाले. त्या मालकीणबाईने टाळ्या वाजवल्या. दादाने नव्याने काढलेल्या कुशी, म्हणजे मोटारीच्या दोन्ही बाजू, जोडून घेतल्या आणि वर टप ठेवला.

डाव्या बाजूला, मागच्या खिडकीच्या वर, फट.

दुसरा ठेवला. फट. तिसरा, तीच फट, तिथेच. बारीकच होती, माझ्या डोळ्यांना तर दाखवल्यावर दिसली. पण दादाचा चेहरा असा उतरला की मला डबा कुठे ठेवू ते कळेना.

"काका, एवढी फट कोण बघतंय?" मालकीणबाई म्हणाली. "दुसऱ्या बाजूला जरा घासलं की बसेल. लोक घेतील घासून."

"माझ्या साच्यातला तुकडा कानस मागत नाही," दादा म्हणाला. तिच्यावर नाही, स्वतःवर चिडून. मग मला हळूच म्हणाला, "डोळे गेले गं माझे. मापात चुकलो."

मी म्हटलं, "अरे, जुनं प्लॅस्टिक, वाकलं असेल." तेही त्याला पटलं. वाकलेल्या तुकड्यावरून आपण माप घेतलं, हीच चूक. घरी बोलू नकोस म्हणाला, आधीच ती रागावलेली आहे. मी नाही बोलले.

मग त्याने साचा दुरुस्त केला. टप तोकडा पडतोय म्हणजे साच्यातली पोकळी त्या कडेला थोडी वाढवायची. पोलाद काढता येतं. एकदा काढलं की परत घालता येत नाही, घातलं तर ते ठिगळ. त्याने नव्या कुशींवरून माप घेतलं, ती कड कोरून सरळ केली, घोटली. दुसऱ्या चाचणीचा टप असा बसला की हातात घेऊन हलवला तरी आवाज नाही. मालकीणबाईने त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

आता या साचेवाल्यांचा एक नियम असतो, आणि दादा नियमाचा पक्का. वाईट तुकडा दाराबाहेर जाता कामा नये. पहिल्या चाचणीचे सगळे टप त्याने स्वतः दळणाच्या यंत्रात टाकले. त्याचे पांढरे दाणे होऊन पुन्हा वितळायला गेले. आणि चुकीचा नमुना कधी ठेवायचा नाही, नाहीतर उद्या कोणीतरी तोच उचलतो. म्हणून राळेच्या त्या छापावर त्याने हातोडा घातला. काम झाल्यावर जागा झाडून घेतली.

त्या संध्याकाळी तो टप घेऊन घरी आला, मला हाक मारूनच आला. "चल, तूही चल, तुझा लाल रंग लागणार आहे." वाटेत दुकानातून मी तशाच रंगाची बाटली घेतली. वहिनी मशीनवरून उठली. कितीतरी दिवसांनी तिने त्याला खुर्ची सरकवून दिली. फळीवरची मोटार काढली, फुंकर मारली, मेजावर ठेवली.

दादाने टप ठेवला. तो बसेना.

एका कोपऱ्यात अधांतरी राहिला. डाव्या बाजूला, मागच्या खिडकीच्या वर, कडेवर चढून बसला. दादाने काढून पुन्हा ठेवला. दाबला असता तर मोडला असता.

"काय झालं?" वहिनी म्हणाली. ती त्याच्याशी बोललेली ऐकून मलाच दचकायला झालं.

"कुशी वाकड्या चिकटल्यात," दादा पुटपुटला. "पण मग जुना टप कसा बसला होता हिच्यावर?"

"तोही नव्हता बसत," वहिनी म्हणाली. "तिने घासला."

दादाने मान वर केली.

"पायरीवर बसून घासत होती. तुमची ती छोटी कानस घेऊन, जीभ बाहेर काढून. मला म्हणाली, आई, बाबाला सांगू नकोस हं, त्याचा साचा जरा चुकलाय, त्याला वाईट वाटेल. मी शप्पथ घेतली होती तिची."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"त्यात सांगायचं काय होतं? तुम्ही तिच्याबद्दल कधी विचारलंत? आणि टप बसत नाही हे तरी तुम्ही आज सांगताय."

दादा हळूहळू खुर्चीत बसला. मला समजायला वेळ लागला, त्याला लागला नाही. ती फट म्हणजे त्याची चूक नव्हती. वाकलेलं प्लॅस्टिकही नव्हतं. ती भिंगरीची कानस होती. तिने जेवढं घासलं तेवढं जसंच्या तसं त्याने पोलादात कोरलं होतं, तिचा हात साच्यात उतरला होता, आणि पसाभर पांढरे टप तिच्या हातचे निघाले होते. त्यातला कुठलाही या मोटारीवर टक्कदिशी बसला असता. ते त्याने स्वतः दळले. छाप फोडला. साच्यातली ती कड घोटून गुळगुळीत केली. त्याने हे सगळं आम्हाला सांगितलं, अगदी सावकाश, काम समजावून सांगावं तसं, आणि सांगताना एकदाही थांबला नाही.

वहिनी त्याच्यावर धावून जाईल असं मला वाटलं. तिने मशीनच्या खणातून छोटी कानस काढली. तीच. सुया ठेवायच्या डबीत ठेवली होती इतकी वर्षं.

"किती घासलं होतं ते तुम्हाला माहीत आहे ना?" ती म्हणाली. "मापलंय तुम्ही. मग तुम्हीच घासा. बाप आहात तिचे."

दादाने कानस घेतली. माप त्याच्या डोक्यात होतं. अशी मापं तो विसरत नाही. नव्या टपाची कड पुढे धरून चार हात मारले, बोटाने चाचपलं. मान हलवली. "उतार असा नव्हता," म्हणाला. "तिकडून इकडे होता." टप फिरवून बघितला, कोपर उचलून बघितलं, जमेना. मग त्याने कानस डाव्या हातात घेतली, आणि पातं त्या कडेवर आपोआप त्याच उताराने टेकलं.



"अगं," तो वहिनीला म्हणाला, "ती डावरी होती?"

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, होती म्हणजे काय? तुम्हीच तर तिला उजव्या हाताने जेवायला लावायचात."

"मी विसरलो," दादा म्हणाला. "मी विसरलो होतो गं."

ती गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. तिथे माझ्यासमोर, हातात तो पांढरा टप धरून, असा रडला की मला खिडकी लावून घ्यावी लागली.  वहिनीने मेजावरचं कापड बाजूला सारलं, खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

"आणखी काय काय विसरलोय मी?" त्याने विचारलं.

वहिनी सांगायला लागली. पाटीवर उलटा अंक काढायची. वेणी एकच घालू द्यायची, दोन म्हटल्या की पळायची. झोपेत दात खायची. पावाची कड काढून तुमच्या ताटात टाकायची, आणि तुम्ही ती न बघता खायचात. दादा मान हलवत ऐकत होता, आणि मधेच लहान पोरासारखा विचारत होता, "हे खरं? हे मी बघितलं होतं?"

"बघितलं होतंत," वहिनी म्हणत होती. "बघितलं होतंत हो."